काळी पोत आणि करिमणी

मंगळसूत्र आपण अनादि मानतो. परंतु प्राचीन गृह्यसूत्रांत सप्तपदी आहे, मंगळसूत्र नाही, हे भारतरत्न पां. वा. काणे यांनी दाखवून दिले आहे. ही लोकाचाराची देणगी होय. काळ्या मण्यांनी दृष्ट टळते, दोन वाट्या म्हणजे सासर-माहेर, हिरवा चुडा म्हणजे सुफलता, अशी लोकश्रद्धा आहे.

१६३८ नंतर शहाजीराजांच्या जहागिरीमुळे बंगळुरात मराठी वस्ती वाढली. येथील कन्नड स्त्रियांच्या कंठीही काळे मणी असतात. त्यांना ‘करिमणी’ म्हणतात. बाशिंग तर नावासह दोहोंकडे एकच! हेब्बाळातील आपल्या लेकी आज कन्नड घरांतही जातात. तेव्हा खरी रीत कोणाची, हा वाद कशाला? अर्थ जाणून ल्यालेले लेणे दोन्ही घरांचे मंगल चिंतते.