खुडूक : परसातल्या कोंबडीचा अलिखित इतिहास

'कोंबडे झाकले म्हणून उजाडायचे राहत नाही' ही म्हण वर्गात शिकवताना आम्ही मराठीचे अध्यापक तिचा लाक्षणिक अर्थ सांगतो आणि पुढे जातो. कोंबडे कशाखाली झाकतात, कोण झाकते आणि का झाकते, हे प्रश्न अभ्यासक्रमात येत नाहीत. वास्तविक या एका म्हणीमागे डालगे आहे, 'डालणे' हे क्रियापद आहे, खुराडे आहे आणि दिवेलागणीला कोंबड्या मोजून आत घेणारी एक बाई आहे. म्हण उरली; तिच्यामागचे जग मात्र आमच्या वाचनातून आणि शिकवण्यातून निसटले. परसातल्या कोंबडीला इतिहास आहे. तो जिथे लिहिला गेला तिथे पाळणाऱ्यांची नावे नोंदली गेली आणि जिथे लिहिला गेला नाही तिथे तो केवळ शब्दांत राहिला, असे आमचे प्रतिपादन आहे.

आरंभ थोडा मागून करू. कोंबडी माणसाळली ती सिंधूच्या खोऱ्यात, असे दीर्घकाळ मानले जात होते. २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या पुरातत्त्वीय संशोधनाने या मताला मोठा धक्का दिला. निःसंशय पाळीव म्हणता येतील अशा कोंबडीची सर्वांत जुनी हाडे या संशोधनानुसार थायलंडमधील बान नॉन वट येथे मिळाली आणि त्यांचा काळ इ. स. पू. १६५० ते १२५० असा ठरला. कारणमीमांसा अधिक लक्षणीय आहे. भात आणि राळे-वरीसारखी तृणधान्ये पिकू लागली, धान्य साठू लागले, आणि सांडलेल्या दाण्यांच्या ओढीने तांबडी रानकोंबडी वस्तीजवळ आली. म्हणजे तिला कोणी जिंकून आणले नाही. ज्या हातांनी धान्य कांडले-पाखडले, त्यांच्याभोवती ती हळूहळू राहू लागली.

भारतात तिच्या खुणा ग्रंथांत आणि शिलांवर मिळतात, पण फार तुटक. अशोकाच्या पाचव्या स्तंभलेखात कोंबडे खच्ची करू नयेत अशी आज्ञा आहे. मनाई कोरावी लागते ती चालू असलेल्या प्रथेची. तेव्हा कोंबडे खच्ची करून पोसण्याचे कसब त्या काळी लोकांच्या हाती होते, हे या एका वाक्यावरून कळते. पाणिनीने ऱ्हस्व, दीर्घ आणि प्लुत हे स्वरभेद सांगताना 'अ' सोडून 'उ'चा आधार घेतला. असे का, याचे उत्तर परंपरेने कोंबड्याच्या आरवण्यात शोधले, कारण त्याच्या आरवण्यात उकार क्रमाने लांबत जातो. व्याकरणाच्या पहिल्या पाठाशी परसातला पक्षी असा जोडला गेला. मनुस्मृतीने मात्र द्विजांसाठी 'ग्रामकुक्कुट' अभक्ष्य ठरवला. या निषेधाचा परिणाम ताटापुरता राहिला नाही, असे आम्हांस वाटते. ज्यांच्या हाती लेखणी होती त्यांच्यापैकी अनेकांच्या अंगणात कोंबडी नव्हती, आणि ज्यांच्या अंगणात कोंबडी होती त्यांच्या हाती दीर्घकाळ लेखणी येऊ दिली गेली नाही. आपल्या लिखित परंपरेत गाय, घोडा, हत्ती, मोर यांना जे स्थान मिळाले ते कोंबडीला मिळाले नाही, यामागे हे सामाजिक कारण उघड दिसते.

याच्या शेजारी एकोणिसाव्या शतकातील इंग्लंड ठेवून पाहावे. तेथे १८३५ साली कोंबड्यांच्या झुंजींवर कायद्याने बंदी आली आणि पुढच्या काळात हौशी पाळणाऱ्यांची प्रदर्शने भरू लागली. अमेरिकेत १८४९ साली बोस्टनला असे प्रदर्शन भरले आणि जातिवंत कोंबड्यांचे वेड इतके वाढले की जॉर्ज बर्नहॅम याने १८५५ मध्ये 'कोंबडीज्वरा'चा खुसखुशीत इतिहासच लिहिला. या हौशी मंडळींची कुचेष्टा पुष्कळ झाली. परंतु चार्ल्स डार्विन याने त्यांना गंभीरपणे घेतले. कबुतरे पाळणाऱ्यांच्या मंडळांत तो सभासद म्हणून जात असे. कोंबड्यांविषयी विल्यम टेगेटमायर या पाळणाऱ्याशी त्याचा वर्षानुवर्षे पत्रव्यवहार होता. कलकत्त्याहून एडवर्ड ब्लाइथ त्याला माहिती कळवी. मद्रासेहून सर वॉल्टर एलियट याने पाळीव पक्ष्यांची कातडी धाडली. हा एलियट पूर्वी धारवाडकडील दक्षिण मराठा मुलखात अधिकारी होता. १८६८ साली प्रसिद्ध झालेल्या पाळीव प्राण्यांवरील ग्रंथात डार्विनने अशा सहकाऱ्यांचे ऋण नावानिशी नोंदवले. कोणती कोंबडी खुडूक बसते, कोणती बसत नाही, संकर केल्यावर जुने रंग कसे उलटून येतात, ही घरगुती निरीक्षणे उत्क्रांतीच्या सिद्धान्ताचा पुरावा झाली.

डार्विनचा निष्कर्ष असा होता की सर्व पाळीव कोंबड्या एकट्या तांबड्या रानकोंबड्यापासून झाल्या. २००८ सालच्या जनुकीय संशोधनाने त्यात दुरुस्ती केली. पुष्कळ कोंबड्यांचे पाय पिवळे दिसतात तो कातडीचा पिवळा रंग राखी रानकोंबड्याकडून आला आहे. हा पक्षी दक्षिण आणि पश्चिम भारताचा रहिवासी आहे आणि सह्याद्रीच्या रानांत आजही आरवतो. म्हणजे रानाकडेच्या कुठल्या तरी वस्तीत पाळीव आणि रानटी रक्त एकत्र आले आणि ते पिवळे पाय जगभर पोचले. ते ज्यांच्या अंगणात घडले त्यांचे नाव मात्र कोणत्याही तळटीपेत नाही, आणि आता ते सापडण्यासारखेही नाही.

मग आपल्याकडच्या पाळणाऱ्यांनी एकमेकींना काय सांगितले, हे कुठे शोधायचे? आमच्या मते शब्दांत. अंड्यावर येऊ घातलेली कोवळी कोंबडी ती 'तलंग'. अंडी देणे थांबवून, पिसे फुलवून, खुराड्यात ठाण मांडून बसणारी ती 'खुडूक'. तिला अंड्यांवर बसवायचे म्हणजे 'रवणीला बसवायचे'. एकवीस दिवसांचा हिशेब, टोपलीत तूस किंवा राख, दिव्यासमोर धरून अंड्यात जीव धरला की नाही ते पाहणे, विजांनी अंडी बिघडू नयेत म्हणून जवळ ठेवलेला लोखंडाचा तुकडा, नको असताना खुडूक बसलेलीच्या नाकात घातलेले पीस. यांतले काही अनुभवसिद्ध आणि काही केवळ समजूत. पण दोन्ही एकाच वाटेने, कुंपणावरून बोलताना, सासूकडून सुनेकडे, शेजारणीकडून शेजारणीकडे गेले. आपली कोंबडी खुडूक नसेल तर शेजारणीच्या कोंबडीखाली अंडी ठेवायची आणि पिले वाटून घ्यायची, हा व्यवहारही याच बोलण्यातून ठरे. अंड्यांचे चार पैसे बाईच्या हाती राहत. राखणदाराचा मान आणि पाहुण्याचे जेवणही याच खुराड्यातून निघे. अनुभवांची ही देवाणघेवाण म्हणजे एक ज्ञानव्यवस्था होती. तिला ग्रंथ नव्हता, परिभाषा मात्र नेमकी होती.

या परिभाषेचा केंद्रबिंदू 'खुडूक' हा शब्द आहे. गावठी कोंबडी वर्षाला साधारण ६० ते ८० अंडी देते; मधल्या काळात खुडूक बसते, पिले काढते, त्यांना घेऊन हिंडते. अंड्यांचा हिशेब करणाऱ्याला हे दिवस वाया गेलेले दिसतात. म्हणून इटलीतील लिव्होर्नो बंदराच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या पांढऱ्या लेगहॉर्नसारख्या जातींतून निवड करत करत ही प्रवृत्तीच काढून टाकली गेली. आजची व्यावसायिक कोंबडी वर्षाला ३०० च्या आसपास अंडी देते आणि खुडूक बसत नाही. भारतात स्वातंत्र्यानंतर सुधारित जातींचा प्रसार झाला, पुण्यात १९७१ साली व्यंकटेश्वरा हॅचरीजची स्थापना झाली आणि अंडे सामान्य माणसाला परवडू लागले. लशींनी राणीखेत आटोक्यात येऊ लागला. ज्याला आपल्याकडे 'मानमोडी' म्हणतात तोच हा रोग. १९१८ च्या इन्फ्लुएन्झालाही मराठी माणसाने मानमोडीच म्हटले होते. माणूस आणि कोंबडी यांच्या मरणाला एकच शब्द पुरला, यावरून दोघांचे सहजीवन किती निकटचे होते ते दिसते. रोग आटोक्यात येणे किंवा पोषण वाढणे यांचे मोल कमी लेखण्याचा आमचा हेतू नाही.

तथापि एक गोष्ट नोंदवलीच पाहिजे. जी कोंबडी खुडूक बसत नाही तिची पुढची पिढी घरात निघत नाही. परसासाठी म्हणून तयार केलेल्या वनराजासारख्या वाणांतही ही प्रवृत्ती क्षीण आहे. त्यामुळे बाई दरवेळी पिलांसाठी उबवणी केंद्राच्या दारात जाते. जी उत्पादक होती ती ग्राहक झाली. भाषाही त्याबरोबर बदलली. 'कोंबड्या पाळणे' याचे 'कुक्कुटपालन' झाले, कोंबडी 'पक्षी' झाली आणि सल्ला वरून खाली येऊ लागला. शासकीय योजनेच्या कागदात 'तलंगा' हा शब्द मात्र टिकून आहे. तो घेताना ज्यांच्या तोंडून तो आला त्यांच्याकडून आणखीही काही शिकता आले असते.

फेब्रुवारी २००६ मध्ये नवापूरला देशातील पहिली बर्ड फ्लूची साथ जाहीर झाली, तेव्हा बाधित क्षेत्रातील मोठ्या शेडांबरोबर परसातल्या कोंबड्याही मारल्या गेल्या. साथ रोखण्यासाठी ते आवश्यक होते. पण शेडमधला कळप पुन्हा विकत आणता येतो. परसात मारली गेलेली कोंबडी एखाद्या घराण्याच्या अनेक पिढ्यांच्या निवडीचा शेवटचा दुवा असू शकते, आणि त्या निवडीची नोंद कुठल्याही वहीत नसते.

परसातली कोंबडी संपली, असे मात्र म्हणता येत नाही. २०१९ च्या पशुगणनेत देशातील परसातल्या कोंबड्या व इतर पाळीव पक्ष्यांची संख्या ३१ कोटी ७० लाखांवर होती. आधीच्या गणनेहून ती सुमारे ४६ टक्क्यांनी वाढली, तर व्यावसायिक पक्ष्यांची वाढ साडेचार टक्क्यांच्या आसपास राहिली. पक्षी आहेत, पाळणाऱ्या आहेत. त्यांचे बोलणे ऐकून घेणारा मात्र मिळत नाही. ग्रामीण आणि दलित साहित्याने हे अंगण मराठी पानांवर आणले. त्या पानांवरच्या शब्दांचे अर्थ समजावणे हे तरी भाषेच्या अध्यापकांचे कामच आहे. एका तालुक्यातील विद्यार्थ्यांनी आपल्या आजी-मावश्यांकडून खुडूक, रवण, तलंग, डालगे यांभोवतीचे शब्द त्या त्या बोलीसह उतरवून घेतले आणि सांगणारीचे नाव तिच्या संमतीने शेजारी लिहिले, तर डार्विनच्या ग्रंथाने आपल्या सहकाऱ्यांना दिलेला मान आपणही देऊ शकू. यासाठी अनुदान लागत नाही, वही लागते. आणि घाईही लागते, कारण रवणीला बसवलेल्या अंड्यांसारखी ही माहितीदेखील ऊब असेपर्यंतच जिवंत असते.