पिकअपचा चेक लाईट जात नाही? ईसीएम बदलण्याआधी एवढं तपासा

तुर्भे : भाजीपाला भरून रात्री तुर्भ्यातल्या एपीएमसी मार्केटला निघालेली जुनी पिकअप वाटेत बंद पडली, तर भाडंही जातं आणि मालही. त्यात 'ईसीएम गेला' असं कानावर आलं की हजारोंचा खर्च. पण ईसीएम, म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटर, सहसा लवकर बिघडत नाही. आधी पुढच्या गोष्टी बघा.

१) चावी ऑन केल्यावर चेक लाईट लागतो आणि गाडी सुरू झाली की विझतो. लागलाच नाही, तर ईसीएमचा फ्यूज, रिले आणि अर्थ तपासा.

२) बॅटरी बंद गाडीत सुमारे १२.६ आणि चालू गाडीत १४ व्होल्टच्या आसपास हवी. टर्मिनल घट्ट आणि स्वच्छ ठेवा.

३) डॅशबोर्डखालच्या १६ पिनच्या सॉकेटला स्कॅनर लावा. कोड लिहून घ्या, मगच पुसा. पी०३३५ म्हणजे क्रँक सेन्सरच्या सर्किटचा दोष. डिझेल गाडीत पी००८७ म्हणजे रेल प्रेशर कमी. आधी डिझेल फिल्टर बघा. कोड आला म्हणून पार्ट खराबच असतो असं नाही, वायरही तुटलेली असू शकते.

४) कनेक्टरमध्ये पाणी किंवा हिरवट गंज, उंदरानं कुरतडलेली वायर शोधा.

५) सेन्सरला ५ व्होल्ट येत नसतील, तर एकेक सेन्सर काढून पुन्हा मोजा. शॉर्ट झालेला एक सेन्सर सगळ्यांचा सप्लाय पाडतो.

सप्लाय, अर्थ, वायरिंग ठीक असूनही दोष राहिला, तरच ईसीएमवर संशय घ्या. आणि बॉडीला वेल्डिंग करण्याआधी बॅटरीची वायर काढायला विसरू नका.