बाहुलीतला उजेड: एका तपासणीची कुळकथा

दोन वर्षांच्या मुलाला नीट दिसतं का, हे त्याला विचारून कळत नाही. हर्मन स्नेलेनने १८६२ साली तयार केलेला अक्षरांचा तक्ता अक्षरओळख नसलेल्या पोरासमोर मुकाच राहतो. थांबायला सवड नसते. एका डोळ्याचा नंबर फार वेगळा असला, तर मेंदू त्या डोळ्याकडे दुर्लक्ष करू लागतो. तो डोळा आळशी होतो आणि वयाच्या सात-आठ वर्षांनंतर त्याला वळणावर आणणं अवघड होत जातं. मुलाच्या उत्तरावाचून नंबर काढणाऱ्या बंगळुरूतल्या स्मार्टफोनचं मूळ एका फ्रेंच आरशात आहे.

१८७३ साली फ्रेंच लष्करी नेत्रवैद्य क्विन्ये याने आरशातून डोळ्यात उजेड टाकला आणि आरसा हलवताच बाहुलीतली चमकही सरकते, हे टिपलं. तिचा उगम पारपटलात आहे, असा त्याचा समज होता. ती दृष्टिपटलावरून परतते, हे १८७८ मध्ये मांजँ या नेत्रवैद्याने दाखवलं. पुढे भिंगं लावून ही हालचाल मोजता येऊ लागली आणि रेटिनोस्कोपी रूढ झाली. चमक उजेडासोबत सरकली तर ‘विथ’, उलट गेली तर ‘अगेन्स्ट’. हालचाल थांबेपर्यंत भिंगं बदलायची आणि त्यावरून नंबर काढायचा. मुलाने एक शब्दही बोलायची गरज नाही. मात्र ती चमक वाचायला वर्षानुवर्षं मुरलेली नजर लागते, आणि अशी नजर खेडोपाडी मिळत नाही.

ती उणीव भरण्याचा प्रयत्न म्हणून बंगळुरूच्या मायक्रोसॉफ्ट रिसर्च इंडियातले संशोधक आणि शंकरा आय हॉस्पिटलचे डॉक्टर यांनी २०२२ साली एक रीत मांडली. रेटिनोस्कोप तोच जुना, फक्त त्याला स्मार्टफोन जोडलेला. तपासायच्या व्यक्तीला कागदी चष्म्याची चौकट घालतात, उजेड फिरवतात, फोन चमकेचा व्हिडिओ घेतो आणि गणिताने नंबरचा अंदाज काढतो. १८५ डोळ्यांच्या चाचणीत दोष असलेल्या दर शंभर डोळ्यांतले ९१ सापडले. निर्दोष दर शंभरातल्या २६ डोळ्यांवर उगाच शंका आली. नंबरातली सरासरी चूक पाऊण डायॉप्टर होती.

चाळणी म्हणून हे आकडे आशादायक आहेत, पण एवढ्यावर चष्मा करून देता येणार नाही. लहान मुलं जवळ पाहताना डोळ्यातलं भिंग फुगवतात, त्यात प्लस नंबर दडून बसतो. म्हणून पक्की तपासणी हे फुगवणं थांबवणारे थेंब घालूनच होते. फोनने शंका घेतलेलं प्रत्येक मूल त्या तपासणीपर्यंत आणि पुढे चष्म्यापर्यंत पोचवायची सोय त्याच्याच तालुक्यात उभी राहायला हवी. दीडशे वर्षांच्या या विद्येचं मोल आळशी होऊ घातलेला डोळा वेळेत वाचण्यात आहे.