आयोचा ताप

विज्ञानाच्या इतिहासात भाकिते पुष्कळ. पण छपाईची शाई वाळते न वाळते तोच खरे ठरलेले असे दुसरे भाकीत मला चटकन आठवत नाही. २ मार्च १९७९ च्या ‘सायन्स’ साप्ताहिकात स्टॅन्टन पील, पॅट्रिक कॅसन आणि रे रेनल्ड्स यांनी लिहिले, की गुरूचा चंद्र आयो आतून बराचसा वितळलेला असावा आणि त्याच्यावर ज्वालामुखी असावेत. ५ मार्चला व्हॉयेजर-१ गुरूजवळून गेले. ८ मार्चला यानाने मागे वळून टिपलेले एक छायाचित्र लिंडा मोराबिटो तपासत होत्या. यानाची दिशा ठरवण्यासाठी त्यांना त्यात तारे हवे होते. दिसला तो आयोच्या कडेवरचा छत्रीसारखा ढग. तो ज्वालामुखीचा फवारा होता, अडीचशे किलोमीटरहून उंच.

तिघांनी हे ओळखले कसे? आयो आपल्या चंद्राहून किंचितच मोठा. तो केव्हाच निवायला हवा होता. गुरूचे भरतीबल त्याला ताणते, हे खरे. पण आयोची एकच बाजू सदैव गुरूकडे असते. कक्षा शुद्ध वर्तुळ असती, तर ताण कायम तेवढाच राहिला असता, आणि स्थिर ताणातून उष्णता निघत नाही. तार वाकवून ठेवली तर थंडच राहते. मागेपुढे वाकवत राहिले तर तापते. कक्षा लंबवर्तुळाकार असेल, तरच ताण कमीजास्त होतो. मात्र या घर्षणानेच कक्षा हळूहळू वर्तुळाकार होत जाते. आयोची का झाली नाही?

उत्तर जुनेच होते. आयोच्या चार प्रदक्षिणा होतात तेव्हा युरोपाच्या दोन आणि गॅनिमीडची एक होते. या मेळाचे गणित लाप्लासने अठराव्या शतकाच्या अखेरीस मांडले होते. ठरावीक जागी पुन्हा पुन्हा बसणारे हे हिसके आयोची कक्षा वर्तुळ होऊ देत नाहीत. म्हणून दर पावणेदोन दिवसांच्या फेरीत आयो कणकेसारखा मळला जातो.

भाकीत सर्वांशाने मात्र टिकले नाही. २०२३ च्या डिसेंबरात आणि २०२४ च्या फेब्रुवारीत जूनो यान आयोपासून सुमारे १,५०० किलोमीटरवरून गेले. त्या मोजमापांवरून निष्कर्ष निघाला, की कवचाखाली सर्वदूर पसरलेला शिलारसाचा उथळ समुद्र नाही. उष्णतेचा उगम तिघांनी अचूक सांगितला. ती आत नेमकी कुठे साठते, हा शोध मला अजून अपुरा वाटतो.