मुडदूस : दोन कारणं, एक उत्तर

एखाद्या गोष्टीचं 'कारण' सापडलं असं आपण केव्हा म्हणायचं? आज हा प्रश्न लहान मुलांच्या हाडांकडे बघत सोडवू या.

मुडदूस ओळखणं फारसं अवघड नव्हतं. मनगटं जाड होतात, बरगड्यांवर मण्यांसारख्या गाठी लागतात, मूल उभं राहू लागलं की पाय धनुष्यासारखे वाकतात. इंग्लंडमध्ये ग्लिसन यांनी १६५० मध्येच त्यावर ग्रंथ लिहिला. पण नाव ठेवलं म्हणजे कारण कळलं असं नाही. त्याला अडीचशेहून जास्त वर्षं लागली.

१९१९ च्या सुमारास मात्र दोन उत्तरं एकदमच आली. इंग्लंडमध्ये मेलनबी यांनी घरात कोंडलेल्या कुत्र्याच्या पिल्लांना कॉड माशाच्या यकृताचं तेल दिलं आणि आजार टळला. म्हणजे दोष आहाराचा! बर्लिनमध्ये हुल्डशिन्स्की यांनी मुलाच्या एकाच हातावर अतिनील दिव्याचा प्रकाश टाकला, तर क्ष-किरण चित्रात दुसऱ्या हाताचं हाडही सुधारलेलं दिसलं. म्हणजे दोष उजेडाच्या अभावाचा! आपल्या नाशिककडच्या पाहणीतही हचिसन आणि शहा यांना हेच आढळलं : खाऊनपिऊन सुखी, पण पडद्यातल्या घरांत मुडदूस, गरिबांची उन्हात वावरणारी मुलं त्यातून सुटलेली.

मग खरं कोण? महायुद्धानंतरच्या उपाशी व्हिएन्नात हॅरिएट चिक यांनी याचा निकाल लावला. तिथले बालरोगतज्ज्ञ पिर्के यांना हा संसर्ग वाटत होता. तरीही त्यांनी आपले वॉर्ड खुले केले, हा त्यांचा मोठेपणा. हिवाळ्यात तेल मिळालेली बाळं सुरक्षित राहिली, नेहमीच्या आहारावरच्या अनेकांना मुडदूस झाला. आजारी मुलं तेलानं बरी झाली, दिव्यानंही झाली आणि उन्हानंही. कारण तेलात जे असतं, तेच ऊन त्वचेत तयार करतं : ड जीवनसत्त्व.

दोन्ही पक्ष बरोबर होते. चूक होती ती फक्त 'माझंच कारण खरं' या 'च'मध्ये.

एक गोष्ट मात्र आपण विसरू नये. ज्यांना तेल मिळालं नाही, त्या बाळांना आपण आज 'पुरावा' म्हणतो. त्यांच्या आयांसाठी ती फक्त आजारी लेकरं होती. आपलं ज्ञान त्यांचं ऋणी आहे.