मिनिटभर श्वास मोजायचे

गेल्या शनिवारी बोर्डीला गेलो होतो. मित्राच्या काकांची चिकूची वाडी आहे तिथे. बेत साधा होता. लॅपटॉप घरी ठेवायचा, चिकू खायचे आणि समुद्रावर नुसतं पडून राहायचं. सोमवारी रिलीज असल्यामुळे फोन मात्र खिशात होताच :)

रविवारी सकाळी काकूंनी एक पिशवी हातात दिली. "आपल्या वाडीत कामाला येतो ना, त्याच्या घरी बाळ झालंय. जीप घेऊन फिरताच आहात, तर तलासरीकडे जाऊन एवढी झबली-टोपडी देऊन या." निघालो. डांबरी रस्ता संपला, मग कच्चा रस्ता, मग तोही संपला. पाड्यावरच्या कुडाच्या घरासमोर पोचलो तर आमच्या आधीच तिथे आशाताई आल्या होत्या. काटा टांगून झोळीत बाळाचं वजन झालं होतं. आता बाळ आईच्या मांडीवर, झबलं वर केलेलं, आणि ताई हातातल्या घड्याळाकडे आणि बाळाच्या पोटाकडे आळीपाळीने बघत होत्या. मी सवयीने काहीतरी बोलायला गेलो, तर त्यांनी हातानेच गप्प केलं.

"बेचाळीस," थोड्या वेळाने त्या म्हणाल्या. "चांगलं आहे. साठच्या आत आहे."

"साठच का?"

"दोन महिन्यांच्या आतलं बाळ आहे. मिनिटाला साठ श्वास किंवा जास्त झाले तर दवाखान्यात न्यायचं, दादा."

माझ्यातला इंजिनियर लगेच जागा झाला. पंधरा सेकंद मोजून चारने गुणलं तर? ताई हसल्या. "तसं नाही चालत. एवढं लहान बाळ मध्येच श्वास थांबवतं, मग भरभर घेतं. पूर्ण मिनिट मोजायचं."

माझं ऑप्टिमायझेशन तिथेच संपलं. आणि एकदम आठवलं, गेल्या वर्षी माझ्या बहिणीच्या सात महिन्यांच्या मुलाला न्यूमोनिया झाला होता. शहरातलं मोठं हॉस्पिटल, एक्स-रे, बोटाला लावायचं ऑक्सिजनचं यंत्र, सगळं होतं. पण डॉक्टर आल्या आल्या मिनिटभर नुसते त्याच्या छातीकडे बघत उभे राहिले होते. मला तेव्हा वाटलं, हे काही करत का नाहीयेत? ते श्वास मोजत होते!

तर ही मोजणी डॉक्टरच्या डोळ्यांतून पाड्यावरच्या एका ताईच्या घड्याळात कशी आली, हे शोधत हा अख्खा आठवडा गेला. ती गोष्ट सांगतो.

सुरुवात बोर्डीपासूनच करू. १९४५ साल. हा सगळा भाग तेव्हा ठाणे जिल्ह्यात होता (पालघर वेगळा झाला तो १ ऑगस्ट २०१४ ला). त्या वर्षी मे महिन्यात तलासरीजवळच्या झरी गावात गोदावरी परुळेकरांच्या पुढाकाराने वारल्यांची परिषद भरली आणि वेठबिगारीविरुद्धचा लढा पेटला. त्याच वर्षी बोर्डीला ताराबाई मोडकांनी ग्राम बाल शिक्षण केंद्र सुरू केलं. सोबत अनुताई वाघ. गरिबांची मुलं बालवाडीत येत नाहीत हे लक्षात आल्यावर त्यांनी मुलांना दोष दिला नाही, बालवाडीच त्यांच्या अंगणात नेली. तीच अंगणवाडी. १९५७ साली हे काम जवळच्या कोसबाडच्या टेकडीवर गेलं, आणि १९७५ साली केंद्र सरकारने एकात्मिक बालविकास योजना सुरू केली तेव्हा हा शब्द देशभर पसरला. म्हणजे जे घराबाहेर पडू शकत नाहीत त्यांच्या अंगणात आपण जायचं, हा धडा शिक्षणाने या डहाणूच्या मातीत आधीच गिरवला होता. आरोग्याला तो शिकायला बराच वेळ लागला. १९९२ साली इथून जवळच, जव्हार तालुक्यातल्या वावर-वांगणीत लहान मुलं दगावली तेव्हा अख्ख्या महाराष्ट्राला ते कळलं.

आता इथून थेट महाराष्ट्राच्या दुसऱ्या टोकाला, गडचिरोलीला जाऊ. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात सार्वजनिक आरोग्य शिकले आणि १९८६ मध्ये गडचिरोलीत 'सर्च' ही संस्था घेऊन कामाला लागले. मुलं कशाने मरतात हे मोजायला त्यांनी सुरुवात केली, तर सर्वांत मोठं कारण निघालं न्यूमोनिया. औषध होतं. साधं, स्वस्त, कोट्रायमॉक्सॅझोल. पण डॉक्टर कोसांवर आणि आजार दारात. मग निदान कोण करणार?

याचं अर्धं उत्तर पापुआ न्यू गिनीत सापडलं होतं. फ्रँक शान नावाच्या बालरोगतज्ज्ञाने ऐंशीच्या दशकात दाखवून दिलं होतं की खोकला असलेल्या मुलाचा श्वास किती जलद आहे, एवढ्यावरून न्यूमोनिया बऱ्यापैकी ओळखता येतो. स्टेथोस्कोप नको, एक्स-रे नको. फक्त मोजता आलं पाहिजे.

आणि घोडं नेमकं तिथेच अडलं. गडचिरोलीतल्या कित्येक सुईणींना पन्नासपर्यंत आकडे येत नव्हते. मग त्यांच्यासाठी मण्यांची पाटी बनली. एक मिनिटाचं वाळूचं घड्याळ उलटं करायचं, दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. वाळू संपायच्या आत लाल मणी सरकला तर न्यूमोनिया, औषध सुरू. दहापर्यंत तर सगळ्यांनाच येतं! मला विचाराल तर हा मी पाहिलेला सर्वांत भारी यूजर इंटरफेस आहे. आम्ही 'यूजरला कळत नाही' म्हणून हात झटकतो. यांनी यूजरला काय येतं ते आधी पाहिलं.

पण कल्पना सुंदर असून भागत नाही, ती चालते का हे दाखवावं लागतं. ५८ गावांत हे काम सुरू केलं आणि ४४ गावं तुलनेसाठी ठेवली. निकाल १९९० साली 'लॅन्सेट'मध्ये आला. न्यूमोनियाच्या ६१२ रुग्णांवर उपचार झाले, त्यांतली ०.८ टक्के मुलं दगावली. उपचार न मिळालेल्यांत हेच प्रमाण १३.५ टक्के होतं. कामाच्या गावांत न्यूमोनियाने होणारे बालमृत्यू तुलनेच्या गावांपेक्षा ५४ टक्क्यांनी कमी भरले. औषध देणारे हात होते गावातल्याच आरोग्यसेवकांचे आणि सुईणींचे.

पहिल्या महिन्यातली बाळं मात्र तरीही जात होती. १९९५-९६ मध्ये ३९ गावांतल्या ७६३ नवजात बाळांवर बारीक लक्ष ठेवलं, आणि जे दिसलं ते वाचून मी खुर्चीत मागे टेकून बसलो. निम्म्याहून जास्त बाळांना उपचारांची गरज होती. डॉक्टरपर्यंत पोचली २.६ टक्के. दवाखान्यात दाखल झाली ०.४ टक्के. दवाखाना होता हो. पण ओली बाळंतीण, पावसाळा, मधली नदी, गाडीचं भाडं, आणि बाहेर न पडण्याची रीत.. हे सगळं ओलांडून तिथे जाणार कोण? आपल्या भाषेत सांगायचं तर सर्व्हर चालू होता, नेटवर्कच नव्हतं.

मग दवाखानाच घरात न्यायचा ठरलं. गावातल्याच थोड्याफार शिकलेल्या बायका निवडल्या, त्यांना नाव दिलं आरोग्यदूत. बाळंतपणाला हजर राहायचं, बाळाला उबेत ठेवायचं, वजन करायचं, पुन्हापुन्हा घरी जायचं. आणि रक्तात जंतुसंसर्ग झाल्याची लक्षणं दिसली तर आईबापांच्या संमतीने जेंटामायसिनचं इंजेक्शनही द्यायचं. जेमतेम शाळा शिकलेली बाई चार दिवसांच्या बाळाला सुई टोचणार! कुठल्याही तज्ज्ञाच्या अंगावर काटा यावा अशीच गोष्ट. पण आकडे बघा. अशा संसर्गात आधी १६.६ टक्के बाळं दगावत, ती २.८ टक्क्यांवर आली. तुलनेच्या ४७ गावांशी ताडून पाहिलं तर तिसऱ्या वर्षी नवजात मृत्युदर ६२ टक्क्यांनी खाली आला होता. हाही निबंध 'लॅन्सेट'मध्येच, डिसेंबर १९९९ मध्ये.

यात नवीन औषध एकही नव्हतं. नवीन होता तो फक्त विश्वास. गावातली बाई मोजू शकते, ठरवू शकते आणि बरं करू शकते, हा. आणि तो भाबडेपणाने ठेवलेला नव्हता, गावोगावचे जन्म आणि मृत्यू वर्षानुवर्षं मोजून सिद्ध केलेला होता.

२००५ मध्ये राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान आलं, त्यातून 'आशा' आली. २०११ मध्ये नवजात बाळाची घरी काळजी घेण्याची योजना देशभर लागू झाली. दवाखान्यात जन्मलेल्या बाळाला ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी भेट, घरी जन्मलं तर पहिल्या दिवशीही. या सगळ्या भेटींचे मिळून आशाला २५० रुपये ठरले. एवढ्या पैशांत माझ्या कंपनीचं बिलिंग किती मिनिटांचं होतं, ते मी मुद्दाम मोजलं नाही.

एक गोष्ट मात्र मागेच राहिली. सुई. सरकारने भेटी घेतल्या, वजनकाटा घेतला, श्वास मोजणं घेतलं, पण इंजेक्शन नर्सबाईंच्या हातीच ठेवलं. कारणंही कळतात. लाखो ताईंना शिकवणं आणि त्यांच्या पाठीशी उभं राहणं ३९ गावांइतकं सोपं नाही. पण एवढंही खरं, की श्वास साठच्या वर निघाला तर तलासरीच्या त्या पाड्यावरून बाळाला पुन्हा त्याच कच्च्या रस्त्याने दवाखाना गाठायचा आहे. अंगणात पोचलेली सेवा ऐन गरजेच्या वेळी अंगणातच थांबते.

असो. त्या दिवशी तशी वेळ नव्हती. ताईंनी फॉर्मवर ४२ लिहिलं, बाळाचं झबलं खाली ओढलं आणि आम्ही नेलेलं टोपडं त्याला घालून पाहिलं. मोठं झालं.

"होईल त्याला पुढच्या महिन्यात," त्या आईला म्हणाल्या. "आज एकविसावा दिवस. मी आता अठ्ठाविसाव्याला येते."