रूळ मोकळा आहे, हे कोण सांगते?

१/ मुंबई–नागपूर मार्गावरील अजनी स्थानक सक्करदऱ्यापासून फार दूर नाही. अशा स्थानकातून गाडी सुटताना पुढचा मार्ग मोकळा असल्याची ग्वाही स्वतः रूळ देऊ शकतात. ही सोय कशी घडली, त्याचा हा इतिहास.

२/ आरंभी ही ग्वाही माणसांची होती. १८५३ मध्ये बोरीबंदर–ठाणे गाडी धावली. १८६७ मध्ये लोहमार्ग नागपूरला पोचला. गाडी पूर्ण गेली की नाही, हे शेवटच्या डब्यावरील दिवा पाहून ठरे. नजर चुकली, तर दुसरा आधार नव्हता.

३/ १८७२ मध्ये अमेरिकेत विल्यम रॉबिन्सन यांनी ‘ट्रॅक सर्किट’चे पेटंट घेतले. मार्गाचा एक तुकडा विद्युतरोधक सांध्यांनी वेगळा करायचा. एका टोकाला बॅटरी, दुसऱ्या टोकाला रिले. मार्ग मोकळा असता रुळांतून प्रवाह रिलेपर्यंत पोचतो. गाडी आली की तिची चाके व आस दोन्ही रूळ जोडतात, प्रवाह तिथूनच परततो, रिले सुटतो आणि सिग्नल लाल होतो.

४/ बॅटरी संपली किंवा तार तुटली, तरी रिले सुटतोच. म्हणजे ही यंत्रणा ‘गाडी नाही’ हे सिद्ध करते. पुरावा नसेल, तर धोका गृहीत धरते.

५/ मात्र गणित नाजूक आहे. पावसाळ्यात ओल्या खडीतून प्रवाह गळतो आणि गाडी नसतानाही सिग्नल लाल होऊ शकतो. उन्हाळ्यात खडी कोरडी असते, रिलेला भरपूर प्रवाह मिळतो. तेव्हाही गाडी येताच तो सुटला पाहिजे. म्हणून चाकांच्या जागी ०.५ ओहमचा रोध ठेवून चाचणी घेतात. गंजलेले रूळ अधिक घातक, कारण गंज चाक आणि रुळाचा संपर्क तोडतो.

६/ ३ फेब्रुवारी १९२५ रोजी मुंबई–कुर्ला मार्गावर १५०० व्होल्ट डीसीवर विजेची गाडी धावली. इंजिनाचा प्रवाह रुळांतूनच परतत असल्याने तिथे डीसी ट्रॅक सर्किट चालेना. एसी वापरावे लागले. पुढे २५ हजार व्होल्ट एसीच्या मार्गांवर नेमके उलट झाले: तिथे डीसी ट्रॅक सर्किट सोयीचे ठरले.

७/ २० ऑगस्ट १९९५, फिरोजाबाद. जनावराला धडकून कालिंदी एक्सप्रेस थांबली होती. मार्ग मोकळा समजून मागून पुरुषोत्तम एक्सप्रेस सोडली गेली. तीनशेहून अधिक प्रवासी दगावले.

८/ शेवटच्या डब्याचा दिवा पाहणारी नजर त्या रात्री चुकली. रॉबिन्सन यांच्या पेटंटला तेव्हा १२३ वर्षे झाली होती.